पंढरीची वाट आणि सिद्धान्ताचे चष्मे

आषाढी जवळ आली की शेगावच्या गजानन महाराजांची पालखी अंबाजोगाईकडून कळंबला येते आणि पुढे धाराशिव, तुळजापूर, सोलापूर असे मुक्काम करीत पंढरपूरला जाते. त्या दिवशी आमच्या वर्गात हजेरी नावालाच असते. चार महिन्यांनी, दसरा झाला की, याच भागातून दुसरी एक रांग निघते. ट्रक, ट्रॅक्टर, त्यांवर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरे. ही ऊसतोडीला निघालेली माणसे. तेव्हाही हजेरी घटते. मात्र ती पुढे चार-पाच महिने भरून येत नाही.

काही वर्षांपूर्वी वर्गात इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा ललितलेख शिकवीत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, समाजशास्त्राच्या पेपरात आम्ही लिहितो की धर्म समाजाला एकत्र बांधतो. मग या लेखात बरोबर चालणारी माणसं जेवायला वेगवेगळी का बसतात?" त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही. 'तो वेगळा विषय आहे' असे काहीसे बोलून मी वेळ मारून नेली. तो विषय वेगळा नव्हता, हे पुढे ध्यानात येत गेले. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आपल्याकडे सामाजिक शास्त्रांतील सैद्धान्तिक दृष्टिकोन शिकवले जातात ते नावांच्या यादीसारखे. डुर्खाइम म्हणजे प्रकार्यवाद, मार्क्स म्हणजे संघर्ष, वेबर म्हणजे आकलन. प्रत्येकाची व्याख्या, चार वैशिष्ट्ये, तीन मर्यादा, आणि दहा गुण. ही सारी मंडळी फार दूरच्या देशात, आपल्याशी संबंध नसलेल्या प्रश्नांवर भांडत होती, असाच विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः हे भांडण महाराष्ट्रातही झाले, आणि त्यातील बराचसा भाग ज्या वाटेवरून आपल्या घरची माणसे चालतात त्या पंढरीच्या वाटेशी येऊन भिडतो.

प्रथम बांधून ठेवणाऱ्या दृष्टीचा विचार करू. धर्माच्या सामूहिक विधींत समाज स्वतःलाच पुन्हा घडवतो, स्वतःचीच पूजा करतो, हा विचार एमिल डुर्खाइम यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. समाजातील प्रत्येक प्रथेला समाज टिकवण्याचे काही कार्य असते, असे पुढे रॅडक्लिफ-ब्राउन यांनी सांगितले. त्यांच्याच हाताखाली ऑक्सफर्डला शिकलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्ग लोकांच्या धर्मावर जो ग्रंथ लिहिला, त्यातून ही दृष्टी भारतीय समाजशास्त्रात रुजली. श्रीनिवास मूळचे गोविंद सदाशिव घुर्ये यांचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हस्ते सुरू झाला आणि १९२४ पासून घुर्यांनी तो वाढवला. इरावतीबाईही घुर्यांच्याच विद्यार्थिनी.

आता 'वाटचाल' या लेखाकडे पाहू. तो 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहात आहे आणि त्याचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात आले. पालखीबरोबर चालताना बाईंना महाराष्ट्राची नवीच व्याख्या सापडते : ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. नाना गावांचे लोक, नाना तऱ्हेची मराठी, पण ओठावर तेच अभंग. प्रकार्यवादाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. परंतु बाई तेथे थांबत नाहीत. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र गातात, चालतात, आणि जेवायच्या वेळी वेगळे होतात, हे त्या पाहतात; त्यांना ते सलते. त्या उठून मराठा बायकांबरोबर जेवतात आणि मग त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने वागू लागतात. वेबर ज्याला आकलन म्हणतो, म्हणजे माणसाच्या कृतीचा त्याच्या स्वतःच्या मनातला अर्थ समजून घेणे, ते बाईंनी त्या पंगतीत बसून केले. दुरून पाहणाऱ्याला दिंडी अखंड दिसते. भेग दिसते ती तिच्यासोबत मुक्काम करणाऱ्याला.

ही भेग कोठून आली, या प्रश्नावर गुरू आणि शिष्या यांची वाट वेगळी झाली. 'कास्ट अँड रेस इन इंडिया' (१९३२) लिहिणाऱ्या घुर्यांची पद्धत मुख्यतः भारतविद्येची : धर्मग्रंथ, पुराणे, शिलालेख यांच्या आधारे आजच्या समाजाचा माग काढायचा. एका मोठ्या जातीच्या फुटीतून लहान जाती झाल्या, असा त्यांचा कल. इरावतीबाईंनी मात्र माणसांची शरीरमोजणी केली, नातेसंबंध तपासले आणि कुंभारांचे उदाहरण पुढे केले. महाराष्ट्रात 'कुंभार' या एकाच नावाखाली येणाऱ्या, पण आपसात लग्न न करणाऱ्या अनेक जाती आहेत. कोणी थोरल्या चाकावर घडवतात, कोणी लहान चाकावर. हे एका घरातून फुटलेले भाऊ नव्हेत. निरनिराळे गट एका धंद्याच्या नावाखाली शेजारी येऊन बसले, असे त्यांचे म्हणणे. आमच्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यामुळे हे उदाहरण वर्गात दिले की विद्यार्थी कान टवकारतात. संतचरित्रात कुंभार एक आहे. सोयरीक जुळवताना तो एक नाही.

परंतु फुटून असो वा एकत्र येऊन असो, जाती वेगळ्या राहतात त्या कशाच्या बळावर? येथे एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा निबंध आठवावा लागतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादवर्गात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी तो वाचला. तत्पूर्वी १९०९ मध्ये आपल्या ज्ञानकोशकार केतकरांचा जातींच्या इतिहासावरील ग्रंथ अमेरिकेतच प्रसिद्ध झाला होता. जातीची व्याख्या एकटीदुकटी न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केली, याबद्दल आंबेडकर केतकरांना श्रेय देतात. मात्र जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सभासदत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत, असे ते दाखवून देतात. जातीचे मर्म एकच : अंतर्विवाह. आणि तो टिकवायचा तर गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की उरलेल्या स्त्रीचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाचे काय? त्याला अल्पवयीन मुलगी. जात नावाची गोष्ट स्त्रीच्या देहावर पहारा ठेवून चालते, हा सिद्धान्त एका मराठी माणसाने १९१६ साली मांडला. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा एक धागा येथे लागतो. पंगत वेगळी आहे, कारण सोयरीक वेगळी आहे.

ही संघर्षाची दृष्टी आपल्याकडे मार्क्सच्या अनुवादातून आली, असे समजण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची; डुर्खाइमचे पहिले मोठे पुस्तक त्यानंतर वीस वर्षांनी आले. पुराणकथांत फुल्यांना जेत्यांनी लिहिलेला इतिहास दिसला. बळी हा त्यांच्या दृष्टीने रयतेचा राजा, आणि आपल्या बांधावरचा म्हसोबा म्हणजे त्या राज्यातील 'महासुभा'. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत. परंतु 'ही कथा कोणी, कोणाच्या फायद्यासाठी सांगितली' हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. पुढे शरद पाटील यांनी १९७८ मध्ये वेगळी वाट धरून वर्ग आणि जात या दोहोंचा एकत्र विचार करणारी मार्क्स-फुले-आंबेडकरवादी पद्धत मांडली, तिचे मूळ या प्रश्नातच आहे.

आमच्या भागात हे विचार विद्यापीठाच्या आधी सभेतून आले. कळंब १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. त्याआधीच, १९४१ च्या फेब्रुवारीत, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. ज्यांच्यावर समाजशास्त्र लिहिले जात होते, ती माणसे तेथे श्रोते म्हणून बसली होती.

पुन्हा पंढरीच्या वाटेकडे येऊ. इरावतीबाई जी वाट माणसांकडे पाहत चालल्या, ती दामोदर धर्मानंद कोसंबी जमिनीकडे पाहत चालले. पेशाने गणिती असलेला हा गोमंतकीय विद्वान पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत असे. देवीची ठाणी, तिठे, चौरस्ते आणि त्यांच्या जवळ सापडणारी बारीक दगडी हत्यारे यांची सांगड घालून त्यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये दाखवले की, यात्रेच्या कित्येक वाटा शेतीच्याही आधीच्या, कळपांमागे हंगामी भटकंती करणाऱ्या माणसांच्या वाटा आहेत. कोसंबी मार्क्सवादी खरे. पण समाजाच्या अवस्थांचा तयार साचा भारतावर बसवणे त्यांनी नाकारले. उत्पादनाची साधने कोणती आणि ती कोणाच्या हाती, एवढा प्रश्न त्यांनी मार्क्सकडून घेतला. उत्तर मात्र माळरानावर शोधले.

त्यांच्यानंतर हाइडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्या ऐकत हिंडले आणि १९७६ मध्ये त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ आला. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये गवळी-धनगरांच्या देवाचे वैष्णव दैवत कसे झाले, याचा उलगडा केला. ढेऱ्यांची दृष्टी समन्वयाची. निरनिराळ्या लोकांनी आपापला देव विठ्ठलात पाहिला, हे त्यांचे म्हणणे मनाला पटते. मात्र समन्वय झाल्यावरही चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली, आणि देवळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. देवांचा समन्वय आणि माणसांचा समन्वय ही एक गोष्ट नव्हे.

एवढे सगळे पाहिल्यावरही काहीतरी सुटल्याची चुटपुट राहते. वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणारी बाई या बहुतेक ग्रंथांत आहे, पण ती स्वतः बोलत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांच्या प्रयत्नांतून खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या जमा झाल्या. त्यांत विठ्ठल आहे, रुक्मिणी आहे, आणि सासर, कष्ट, जातही आहे. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. तिचा आशय सोप्या शब्दांत असा : समाज कोठे उभे राहून पाहता, यावर काय दिसते ते ठरते, आणि उतरंडीच्या तळाशी उभ्या असलेल्या स्त्रीला जे दिसते ते वरच्यांना सहसा दिसत नाही.

येथे दसऱ्यानंतर निघणारी ती दुसरी रांग आठवते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याच्या नावे. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकरी थापते. पण तिची वेगळी मजुरी कोठे लिहिली जात नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिल्यापासून महाराष्ट्रातील सहकारावर पुष्कळ लिहिले गेले. त्यात सभासद शेतकरी ठळक दिसतो, फडातला कोयता अंधुक, आणि कोयत्यातला अर्धा वाटा तर दिसतच नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा तो अर्धा वाटा सर्वांना एकदम दिसला. व्यवस्था सुरळीत चालली आहे, असे प्रकार्यवाद म्हणेल. कोणाच्या शरीरावर ती चालली आहे, हे विचारायला आंबेडकरांचा तो १९१६ चा निबंध आणि रेग्यांची भूमिदृष्टी हाताशी लागते.

याचा अर्थ एक सिद्धान्त खरा आणि बाकीचे खोटे असा कोणी घेऊ नये. पालखीपुढे नाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी जे एकपण जाणवते ते भ्रम नाही. डुर्खाइम तेथे बरोबर आहे. वेगळी पंगतही भ्रम नाही. एका चष्म्याने एक दिसते, दुसऱ्याने दुसरे. अडचण होते ती चष्मा डोळ्यांवर आहे हेच विसरल्यावर, किंवा परीक्षेपुरता तो लावून घरी जाताना वर्गात ठेवून दिल्यावर.

त्या विद्यार्थिनीला आज मी एवढेच सांगेन : धर्म बांधतो हे खरे, पण कोणाला कोणाशी बांधतो आणि कोठे सोडतो, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. तुझा प्रश्न ज्या दोन पुस्तकांच्या मधे पडला होता, तेथेच समाजशास्त्र सुरू होते. तिचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर ती वर्गात आली नाही, आणि मी तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत राहिलो.