उजव्या हाताला नदी

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेची परकम्मा करणारे परकम्मावासी उतरले की आजी पदराखाली डाळ-तांदूळ घेऊन निघायची. ‘नर्मदे हर’ एवढंच बोलून शिधा त्यांच्या झोळीत टाकायची. परकम्मेची रीत अशी: मैया उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका गावी मुक्काम करायचा. जुन्या रीतीने ही फेरी ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. १९७७ मध्ये आमच्याच जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड मंडल्याच्या वाटेने चालू लागले आणि पुढे कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यांनी चालतच राहिले. या गावात लांबच्या प्रवासाचं माप पावलांनीच मोजलं जातं.

म्हणून २०१६ मधली बातमी माझ्या मनात घर करून राहिली. हवाई दलाचे जवान पाठीवर मोटर आणि डोक्यावर कापडाचा पंख घेऊन बंगालमधल्या कलाईकुंडाहून देशाच्या फेरीला निघाले होते, १० हजार किलोमीटरच्या. मोहिमेचं नाव होतं ‘प्रदक्षिणा’. मला ते नाव अगदी चपखल वाटलं.

हा पंख मुळात पतंग करणाऱ्याचा. अमेरिकेतल्या डोमिना जालबर्ट यांनी १९६४ मध्ये दोन पदरी कापडाच्या, पुढून तोंडं उघडी असलेल्या कप्प्यांच्या पंखाचं पेटंट मागितलं. वारा आत शिरला की कापड फुगून ताठ होतं. १९८१ मध्ये स्टीव्ह स्नायडर यांनी त्याखाली चाकांचा गाडा आणि इंजिन लावलं.

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात मी अशा गाड्यात मागे बसलो. सगळी नोकरी लोखंडात गेली, तरी हे यंत्र मला नवीन होतं. थ्रॉटल वाढवला की वेग वाढत नाही, गाडा वर चढतो. वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच. समोरून ३० चा वारा आला की हातात उरतात १५, मग खालचा सायकलवाला आपल्यापुढे निघून जातो. ऊन तापलं की हवा उसळते, म्हणून सकाळी लवकर उडायचं आणि दुपारच्या आत उतरायचं. पावसाळ्यात तर मुक्कामच. परकम्मावाल्यांचा चातुर्मास मला तिथे आठवला. विमानातून मी चारदा मुंबईला गेलो आहे, पण वाटेतली एकही विहीर पाहिली नव्हती. त्या दिवशी रहाटावरची दोरीही दिसली.

वारा फिरला म्हणून आम्ही हरभऱ्याच्या रानाशेजारच्या पडीत उतरलो. पंख गवतावर पसरला, तर शिवणीशिवणीत कुसळं. ती तशीच घडीत गेली तर कापड फाटतं, म्हणून मी एकेक वेचू लागलो. बांधावरून एक म्हातारी आली. “कुठून आलात, बाबा?” म्हणाली. मी जबलपूर सांगितलं. तिने तांब्या पुढे केला, मी पाणी पिईपर्यंत थांबली, मग पदर खोचून माझ्या शेजारी कुसळं वेचायला बसली.