फाल्गुनात नगरला

फाल्गुन लागला, की आमच्या दौंड तालुक्यात दोन कामांची एकदम घाई उडते. एक शाळूची काढणी आणि दुसरे लग्नाचे बस्ते. यंदा पुतणीचे लग्न ठरले. सोयरे भिंगारचे, तेव्हा बस्ता नगरच्या कापड बाजारात बांधायचा असे दोन्हीकडच्या बायकांनी ठरवून टाकले. पुरुषांना विचारण्याची रीत अशा बाबतीत नसतेच. मी वरवंडचा, पण पोटापाण्यासाठी कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यामुळे मंडळींनी मला बरोबर घेतले ते कापडाची पारख म्हणून नव्हे. 'रस्त्यात अण्णांशी बोलायला कोणीतरी हवे', एवढ्याचसाठी.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंचाहत्तर. सारी हयात कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि ज्वारी काढण्यात गेली. तुम्ही पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने गेला असाल, तर यवत सोडल्यावर पाटसच्या अलीकडे वरवंड लागते. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम जिथे पडतो, तेच हे गाव. गावाला मोठी नदी नाही. गाव जगते ते आणलेल्या पाण्यावर, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्यावर आणि व्हिक्टोरिया तलावावर. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

दौंडला आम्ही मनमाडकडे जाणारी गाडी धरली. भीमेचा पूल ओलांडला, की नगर जिल्हा सुरू होतो. काष्टी, श्रीगोंदा, बेलवंडी, विसापूर अशी एकेक स्टेशने मागे पडू लागली. कुठे लिंबोणीच्या बागा, कुठे कांदा, आणि मध्येच मैल-मैल उघडा माळ. माळावर एखादा पळस पेटलेला. अण्णा खिडकीतून जमीन वाचत होते. माणसे वर्तमानपत्र वाचतात ना, तसेच. "हितं पानी आलंय," "हितं न्हाई आलं," असा त्यांचा शेरा दर दोन मैलांनी ठरलेला.

नगरचा इतिहास थोडक्यात सांगायचा, तर असा. बहमनी राज्य मोडकळीस आले, तेव्हा जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. मग चार वर्षांनी, १४९४ मध्ये, सीना नदीच्या काठी त्याने आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. पुढे शंभरावर वर्षे ही निजामशाहीची राजधानी होती. १६०० साली अकबराच्या फौजेने किल्ला घेतला, १८०३ मध्ये वेलस्लीने घेतला आणि १९४२ ते १९४५ या काळात त्याच किल्ल्यात पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण बोलण्यात अजून सगळे 'नगर'च म्हणतात. २०११ च्या शिरगणतीत साडेतीन लाखांच्या घरात वस्ती भरली. पुण्यासारखे दडपून टाकत नाही आणि तालुक्याच्या गावासारखे तासाभरात संपतही नाही, असे हे मध्यम बांध्याचे शहर आहे.

कापड बाजारात पहिले लुगडे उलगडले गेले, तेव्हाच मी ओळखले, की आता चार तासांची निश्चिंती. अण्णांना म्हटले, "चला, तुम्हांला एक वाडा दाखवतो." रिक्षा केली आणि शहराच्या आग्नेयेला फराहबागेत गेलो. लोक हिला 'फर्याबाग' म्हणतात. एका भल्यामोठ्या हौदाच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली महाल. आत उंच घुमटाखालचा दिवाणखाना. हौद कोरडा आहे, त्यात गवत वाढलेले. बांधकाम एकदा होऊन ते पसंत न पडल्याने पुन्हा झाले आणि १५८३ साली पुरे झाले. ताजमहालाची कल्पना शहाजहानला इथूनच सुचली, असे नगरकर अभिमानाने सांगतात. त्याला पुरावा काही नाही. पण चहूकडे पाणी आणि मध्ये घुमट असे चित्र डोळ्यांपुढे आणले, म्हणजे असे का म्हणावेसे वाटते ते कळते.

मी अण्णांना मुर्तजा निजामशहाची हकीकत सांगू लागलो. हा राजा १५६५ मध्ये गादीवर आला आणि पुढे पुढे लोकांसमोर येईनासाच झाला. कारभार दिवाणावर सोडून तो या बागेत एकांतात राहू लागला. माझे व्याख्यान रंगात आले होते. अण्णा मात्र हौदाच्या काठावर बसून तळाकडे पाहत होते. मध्येच त्यांनी विचारले,

"मास्तर, ते ऱ्हाऊ दे. ह्या हौदात पानी आनलं कुठनं? आन् वर चढवलं कसं?"

वाचकहो, वीस वर्षे मी निजामशाही शिकवतो आहे. लढाया तारीखवार सांगेन, वारसांचे तंटे सांगेन. पण हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. आणि खरे सांगायचे, तर मी स्वतःलाही विचारला नव्हता.

उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होते, पण त्याचे महत्त्व त्या दिवशी कळले. सीना ही बारमाही नदी नव्हे, फाल्गुनात तिचे पात्र आटते. तिच्या भरवशावर राजधानी जगली नसती. म्हणून निजामशाहीतल्या राजांनी आणि सरदारांनी शहराभोवतीच्या उंच भागांतून, कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा ठिकाणांहून, नहरी आणल्या. नहर म्हणजे जमिनीखालून नेलेली पाण्याची वाट. भाजलेल्या मातीचे खापरी नळ एकात एक बसवायचे, सांधे चुन्याने बंद करायचे, वर दगडचुन्याचे अस्तर द्यायचे आणि उताराचा हिशेब चुकू न देता पाणी शहरात आणायचे. पाण्याचा उगम उंचावर, म्हणून शहरातल्या हौदात ते आपल्या बळावर चढते. ना मोट, ना यंत्र.

हे सारे मी मोठ्या शास्त्रीय भाषेत सांगितले. अण्णा म्हणाले, "म्हंजी आपलं सायपन."

तेच. रात्री-अपरात्री कालव्यावरून शेतात पाणी उतरवणाऱ्या माणसाला निजामशाहीचे जलशास्त्र एका शब्दात कळले. शिवाय त्यांनी पुढचेही विचारले, "नळ तुंबल्यावर कोन काढत आसंल?" कारण पाणी एकदा आणणे निराळे आणि ते वर्षानुवर्षे वाहते ठेवणे निराळे, हे शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मुक्काम भिंगारला सोयऱ्यांकडे होता. याच भिंगारच्या छावणीत ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब वारला. पंचवीस वर्षे दक्षिण जिंकण्यासाठी झुंजला आणि येथे संपला. जिथे त्याच्या देहाला शेवटचे स्नान घातले, ती जागा आलमगीर म्हणून दाखवतात. दफन खुलताबादला झाले. रात्री जेवताना सोयरे म्हणाले, "उद्या चांदबिबीचा महाल दाखवा अण्णांना. नगरला येऊन तो पाहिला नाही तर काय पाहिले!"

सकाळी उन्हे तापायच्या आत निघालो. शहराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर पाथर्डीच्या वाटेला एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर तीन मजली, अष्टकोनी, काळ्या दगडाची इमारत मैलोन्‌मैल दुरून दिसते. वर पोचलो, तर वारा असा की टोपी सांभाळावी लागते. खाली सगळा नगरचा मुलूख पसरलेला, काढलेल्या शाळूची रिकामी वावरे, गावोगावची खळी आणि मध्येच कोवळ्या पालवीने उजळलेले कडुनिंब.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल मी याच डोंगरावर आणली होती. पोरे दमलेली, उन्ह झालेले. मी सांगितले, "हा चांदबिबीचा महाल." पोरांनी वह्यांत लिहून घेतले. महाल नव्हे ती आणि चांदबिबीचीही नव्हे, हे मला पुरते ठाऊक होते. तळघरात उतरा, तिथे थडगी आहेत. ही कबर आहे सलाबतखानाची.

हा सलाबतखान कोण? राजा फराहबागेत एकांतात बसला, तेव्हा ज्याने राज्य चालवले तो मुर्तजाचा दिवाण. फराहबाग पुरी केली ती त्यानेच. इतिहासकार फरिश्ता तरुणपणी नगरच्या दरबारी होता, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले लिहिणारा. त्याने सलाबतखानाच्या कारभाराची वाखाणणी केली आहे. पुढे राजाची मर्जी फिरली आणि त्याला कैदेचा हुकूम झाला. सत्ता हाती असतानाही त्याने हुकूम मोडला नाही आणि तो मुकाट्याने कैदेत गेला, असे फरिश्ता लिहितो. १५८९ साली तो वारला.

मग त्याच्या कबरीला चांदबिबीचे नाव का चिकटले? त्याचे उत्तरही फाल्गुनाच्याच आसपास सापडते. चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. वैधव्य आल्यावर आधी तिने विजापूर सांभाळले आणि मग माहेरावर संकट आले, तेव्हा ती नगरला आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने किल्ल्याला वेढा दिला. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंग उडून तटाला भगदाड पडले. लोक पळू लागले. ही बाई हाती तलवार घेऊन भगदाडात येऊन उभी राहिली, दिवसभर मोगलांना थोपवले आणि रातोरात तट पुन्हा उभा करवला. वऱ्हाड द्यावे लागले, पण नगर राहिले. चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला, तेव्हा ती तहाची भाषा बोलते म्हणून तिच्याच माणसांनी तिचा घात केला. त्यानंतर लवकरच किल्ला पडला. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ साली आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला, त्यातही बिबीची आठवण आहे. तिथे बागेसाठी जमीन खणताना जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागले, हेही त्यांनी नोंदवले आहे.

असे मरण ज्याला येते, त्याला लोक जागा शोधून देतात. नगरच्या लोकांनी तिला डोंगरावरची सर्वांत उंच जागा दिली. यात मला खोटेपणा दिसत नाही, कृतज्ञताच दिसते. पण त्या कृतज्ञतेत एका माणसाची जागा गेली, हेही खरे. तलवार घेऊन उभी राहिलेली बाई चारशे वर्षे लोकांच्या तोंडी आहे. राज्याची घडी नीट ठेवणारा कारभारी स्वतःच्या कबरीतसुद्धा पाहुणा झाला आहे. आणि ज्यांनी खापरी नळ भाजले, सांधले, उपसले, त्यांची तर नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्या इतिहासाला ही खोड जुनीच आहे. मलिक अंबरला आपण गनिमी काव्यासाठी ओळखतो. खडकी वसवताना त्याने आणलेली नहर दुसऱ्या ओळीत येते. नानासाहेब पेशव्यांच्या फौजा आठवतात, कात्रजच्या तलावावरून पुण्यात आणलेले पाणी आठवावे लागते. एक अहिल्याबाई होळकर तेवढ्या अपवाद. याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली त्या जन्मल्या आणि देशभर त्यांचे नाव राहिले ते घाट, विहिरी आणि बारवांमुळे. शहराला आता त्यांचे नाव मिळाले आहे. पाणी देणाऱ्याचे नाव शहराला लागावे, हे नगरच्या जुन्या नहरींनाही शोभण्यासारखेच आहे.

अण्णांना मी हे सगळे डोंगरावर बसून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला कालवा कुनी काढला रं?"

मी हौसेने सुरुवात केली. कर्नल फाइफची योजना, १८७९ च्या सुमारास पुरे झालेले खडकवासल्याचे धरण, विश्वेश्वरय्यांनी तिथे बसवलेली स्वयंचलित दारे. अण्णांनी हात वर केला.

"ते सायेब झाले. माती कुनी व्हायली? माझ्या पणजानं. मोठ्या दुष्काळात, खडी फोडायला आन् माती व्हायला सगळं घर कामावर व्हतं. आमच्या आज्यानं सांगितलेलं. तुला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ मी दरवर्षी शिकवतो. दुष्काळी कामांवर किती माणसे होती, मजुरीचा वाद कसा झाला, सगळे सांगतो. पण त्या माणसांत माझ्याच घरचा कोणी होता, हे मला पंचाहत्तर वर्षांच्या चुलत्याने नगरच्या डोंगरावर सांगितले. विचारले असते, तर वरवंडच्या ओसरीवरही सांगितले असते. मी विचारले नव्हते, इतकेच.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. बस्ता झकास झाला होता, पिशव्यांना बसायला जागा आणि माणसे उभी. गावात शिरताना अण्णांनी आधी कालव्याकडे पाहिले. आवर्तन अजून सुटले नव्हते. वरचे शहर वाढते, त्याची तहान वाढते, आणि आमच्याकडे पाणी किती दिवसांनी येणार ही काळजी चैत्र जवळ आला की दरवर्षी लागते. नगरचे तरी काय झाले? खापरी नळ मोडले, नहरी बुजल्या. आता ते शहर मुळा धरणाचे पाणी पिते. फराहबागेतला हौद मात्र कोरडाच राहिला.

तेव्हा वाचकहो, फाल्गुनात सवड काढून नगरला जरूर जा. चांदबिबीला नमस्कार करा, तो तिचा हक्कच आहे. पण डोंगरावरच्या तळघरातही उतरा आणि त्या माणसाचे खरे नाव एकदा मोठ्याने घ्या. फर्याबागेच्या कोरड्या हौदाच्या काठावर घटकाभर बसा. आणि घरी परतल्यावर, जी कोणी वडीलधारी माणसे हयात असतील, त्यांना विचारा, आपल्या गावाला पाणी कोणी आणले? माती कोणी वाहिली?

पुढच्या सहलीत पोरांना मी सलाबतखानच सांगणार आहे. आणि जमलेच, तर अण्णांनाही बरोबर नेणार आहे.