वाण्याची चिठ्ठी आणि छापील यादी

किराणा मागवायच्या ॲपचा पूर्वज म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. मी अशाच ॲपचे स्क्रीन डिझाइन करते, पण मला हे पटत नाही. वाण्याला जे सहज जमायचं, ते आमच्या ॲपला अजून जमलेलं नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानात चिठ्ठी जायची. वर ‘श्री’, खाली आईचं तिरकं अक्षर: तूरडाळ ३ किलो, तांदूळ नेहमीचा, पोहे १ किलो, हिंग. पोहे जाडे की पातळ, हे तिनं कधी लिहिलं नाही. एरवी जाडे यायचे, दिवाळीच्या तोंडावर चिवड्याचे पातळ. हिंगाची डबी कुठली, हे शेठना पाठ. आजी तर ‘पावशेर रवा’ असंच सांगायची. १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली आणि ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर दुकानातून गेला. आजीच्या तोंडून मात्र गेला नाही. शेठ काही न बोलता २५० ग्रॅम तोलायचे. अर्धवट मागणी पुरी करायचं काम त्यांचं, आणि उधारी मांडायचंही.

ॲपचा खरा पूर्वज मला मुंबईतल्या दुसऱ्याच एका व्यवस्थेत दिसतो. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई, टंचाई आणि भेसळीनं शहरातली घरं टेकीला आली होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांचे लाटणं मोर्चे याच काळातले. १९७५मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी आधीच कागदावर नोंदवायची. सगळ्या संघांच्या मागणीची बेरीज करून घाऊक खरेदी व्हायची, माल संघातल्या एका घरी उतरायचा आणि वाटप सभासदच करायचे.

आई सभासद झाली आणि चिठ्ठीच्या जागी छापील यादी आली. जिन्नस आधीच छापलेले, पुढे फक्त आकडा भरायचा. ‘नेहमीचा’ लिहायला जागाच नव्हती. पहिल्या यादीशी ती संध्याकाळभर कुरकुरत बसली होती: जाडे पोहे एका ओळीत, पातळ दुसरीत, आणि दोन्ही वेगळे मागायचे! नेमकं काय हवं ते सांगायची जबाबदारी आता गिऱ्हाइकावर आली. त्या बदल्यात भाव आधी कळायचा आणि शेठच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. मी आज स्क्रीनवर आखते ते हेच: ठरलेली नावं, ठरलेली वजनं, शेजारी आकड्याची चौकट.

पडद्यावर ही यादी पहिल्यांदा आली ती इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावात. १९८४च्या मे महिन्यात जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजींनी घरच्या टीव्हीच्या रिमोटवरून टेस्कोकडे मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. टीव्हीला टेलिफोनची तार जोडायची युक्ती मायकेल ऑल्ड्रिच यांची. योजना तिथल्या नगरपरिषदेची, म्हाताऱ्या आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांसाठी. पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. २०११मध्ये बंगळुरूत बिगबास्केट सुरू झालं, आणि दहा वर्षांत दहा मिनिटांत सामान पोचवायची शर्यत लागली.

वाण्याची स्मरणशक्ती परत आणायला आम्ही धडपडतो. ‘मागची ऑर्डर पुन्हा’ हे बटण त्यासाठीच, आणि ‘पावशेर’ टाइप केलं तर २५० ग्रॅमचं पाकीट दिसावं म्हणून शब्दांचे तक्ते भरतो त्यासाठीच. छापील यादीतला चौकटींचा भाग मात्र आम्ही जसाच्या तसा उचलला आणि बेरजेचा भाग सोडून दिला. संघाच्या यादीत शेजारणीची तूरडाळ आईच्या तूरडाळीत मिळायची, म्हणून दोघींना घाऊक भाव मिळायचा. आज एकाच मजल्यावरच्या चार घरांतून चार ऑर्डरी जातात आणि चार डिलिव्हरीवाले जिना चढतात. त्यांची बेरीज कंपनीच्या सर्व्हरवर होते, गिऱ्हाइकांच्या हिशेबात कधीच नाही.