प्रवेशापूर्वीची रुग्णसेवा : एलिझाबेथ गॅरेट आणि सोफिया जेक्स-ब्लेक

१

वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने काही काळ विनावेतन सेवा केलेली असावी, ही अपेक्षा अमेरिका व कॅनडा या देशांत आज रूढ झालेली आहे. भारतात प्रवेश मुख्यतः परीक्षेतील गुणांवर ठरत असल्यामुळे या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे फारसा झालेला नाही. तथापि अशी सेवा कोणती निवडावी आणि तिच्यापासून नेमके काय साधते, हे प्रश्न आजचे नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दोन इंग्रज स्त्रियांपुढे ते अत्यंत निकडीच्या स्वरूपात उभे राहिले होते. एलिझाबेथ गॅरेट (१८३६–१९१७) व सोफिया जेक्स-ब्लेक (१८४०–१९१२) यांची नावे स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या लढ्यासंबंधात नेहमी घेतली जातात. परंतु लढ्यापूर्वी त्यांनी रुग्णालयात घालविलेल्या काळाचा उल्लेख बहुधा ओझरता असतो. प्रस्तुत लेखात त्या काळाचाच विचार करण्याचे योजिले आहे.

२

इ. स. १८५९ च्या आरंभी एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव ब्रिटिश वैद्यक-नोंदपुस्तकात दाखल झाले. त्यांनी पदवी अमेरिकेत, जिनीव्हा येथील महाविद्यालयात, १८४९ साली मिळविली होती. १८५८ च्या कायद्याने परकीय पदवीधरांना नोंदणी दिली, ती केवळ कायद्यापूर्वीच ब्रिटनमध्ये व्यवसाय केलेल्यांपुरती. म्हणजे ज्या वाटेने ब्लॅकवेल आत आल्या, ती वाट त्यांच्यामागे बंद झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकून गॅरेट यांचे मन वैद्यकाकडे वळले, तेव्हा ब्रिटनमधील एखाद्या संस्थेची परवानगी मिळविण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते आणि अशी एकही संस्था स्त्रियांस प्रवेश देत नव्हती.

या अडचणीतून विल्यम हॉज यांची सूचना पुढे आली. ते गॅरेट यांच्या वडिलांचे स्नेही असून लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाच्या संचालकांपैकी होते. शस्त्रक्रियेच्या कक्षात सहा महिने परिचारिकेचे काम करून पाहावे, असे त्यांनी सुचविले. सूचनेमागील हेतू परीक्षेचा होता. सुखवस्तू घरातील एका तरुणीस रक्त, पू, दुर्गंधी आणि वेदना यांच्या सान्निध्यात टिकाव धरता येईल की नाही, हे आधी कळावे, असा त्याचा आशय होता. त्या वेळी शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्मच्या साहाय्याने होऊ लागल्या होत्या, परंतु लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती अद्याप काही वर्षे दूर होती. शस्त्रक्रियेच्या कक्षातील जखमा चिघळत, हे तेथील नित्याचेच दृश्य होते. कसोटी नाममात्र नव्हती.

१८६० च्या ऑगस्टमध्ये गॅरेट रुग्णालयात रुजू झाल्या. मलमपट्टी करणे, डॉक्टरांच्या फेरीबरोबर हिंडणे, शस्त्रक्रिया पाहणे हा त्यांचा दिनक्रम झाला. मात्र वेतन व गणवेष या दोहोंपासून त्या दूर राहिल्या. तेथील औषधशाळेच्या प्रमुखाकडून त्यांनी खाजगी रीतीने पाठ घेण्यास प्रारंभ केला. काही महिन्यांतच परिचारिकेचे निमित्त गळून पडले आणि विद्यार्थिनीचे स्वरूप उघड झाले. त्यांना काही व्याख्यानांस व शवविच्छेदनगृहात जाण्याची मुभा मिळाली. परंतु महाविद्यालयाची विद्यार्थिनी म्हणून नोंदणी मात्र झाली नाही.

१८६१ च्या उन्हाळ्यात परीक्षांमध्ये त्यांनी विशेष प्रावीण्य दाखविले. फेरीच्या वेळी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर इतर विद्यार्थ्यांपैकी कोणासही आले नाही, ते त्यांनी दिले. त्यानंतर लवकरच विद्यार्थ्यांनी त्यांच्या उपस्थितीविरुद्ध लेखी निवेदन सादर केले आणि त्यांना मिडलसेक्स सोडावे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या कक्षात राबत होत्या तोवर त्यांच्याविरुद्ध असे निवेदन निघाले नव्हते. विरोध संघटित झाला तो त्या बरोबरीच्या विद्यार्थिनी ठरल्यानंतर. सेवेचे स्वागत झाले, अधिकाराचे झाले नाही.

पुढे १८६५ मध्ये औषधविक्रेत्यांच्या संघाची परवानगी त्यांनी मिळविली. संघाच्या सनदेत स्त्रियांस मज्जाव करणारे शब्द नव्हते, या आधारावर ही परवानगी देणे संघास भाग पडले. आणि त्यानंतर नियम बदलून संघाने तीही वाट बंद केली. १८७० साली पॅरिस विद्यापीठाने त्यांना एम. डी. पदवी दिली.

३

जेक्स-ब्लेक यांचा मार्ग उलट दिशेने गेला. त्या लंडनच्या क्वीन्स कॉलेजात गणित शिकवीत, पण वडिलांच्या इच्छेनुसार वेतनाविना. उच्च मध्यमवर्गीय इंग्रज घरांत मुलीने पैसा मिळविणे हे कमीपणाचे समजले जाई. ‘विनावेतन सेवा’ या शब्दप्रयोगात केवळ त्याग पाहणाऱ्या अभ्यासकाने ही वस्तुस्थिती विसरू नये : वेतन नाकारण्याची ऐपत हीच मुळात एक सवलत होती.

१८६५ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या त्या स्त्रीशिक्षणाच्या संस्था पाहण्यासाठी. वैद्यक त्यांच्या मनात नव्हते. बोस्टनमध्ये त्यांचा परिचय डॉ. लूसी स्यूएल यांच्याशी झाला. मारी झाक्रझेव्स्का यांनी १८६२ मध्ये स्थापन केलेल्या, स्त्रिया व मुले यांच्यासाठी असलेल्या न्यू इंग्लंड रुग्णालयात डॉ. स्यूएल काम करीत. तेथे रोगी स्त्रिया होत्या व डॉक्टरही स्त्रियाच होत्या. लिखापढी, औषधे देणे, डॉक्टरांना साहाय्य करणे अशी पडेल ती कामे जेक्स-ब्लेक यांनी केली. त्यांतूनच त्यांना आपला खरा व्यवसाय सापडला. शिक्षणसंस्थांवरील त्यांचे पुस्तक १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले, तोपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. त्या वर्षी त्यांनी हार्वर्डकडे प्रवेश मागितला; तो नाकारण्यात आला.

१८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठाकडे त्यांनी अर्ज केला आणि पुढे त्यांच्यासह सात स्त्रियांना प्रवेश मिळाला. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शल्यचिकित्सकांच्या सभागृहापुढे जमावाने त्यांची वाट अडविली. पदव्या अखेर मिळाल्या नाहीत. १८७४ मध्ये लंडन येथे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय निघाले, त्यामागील मुख्य प्रेरणा जेक्स-ब्लेक यांची होती. आणि १८७६ च्या कायद्याने परीक्षक-संस्थांना स्त्रियांस परवानगी देण्याचा अधिकार मिळाला.

४

या दोन उदाहरणांची तुलना केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. गॅरेट यांनी ध्येय आधी ठरविले व सेवा कसोटी म्हणून पत्करली. जेक्स-ब्लेक यांना सेवेतून ध्येय लाभले. परंतु दोघींनी निवडलेल्या कामांत साम्य आहे. दोन्ही कामे रोग्याच्या अगदी निकट होती. ती नियमित होती. आणि दोन्ही ठिकाणी शिकविणारी जाणती व्यक्ती जवळ होती. बोस्टनमध्ये आणखी एक गोष्ट होती : ज्या जीवनाची इच्छा धरावयाची, ते जगणारी स्त्री प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होती. मिडलसेक्समध्ये गॅरेट यांना अशी एकही स्त्री दिसली नाही. तेथे ज्या स्त्रिया होत्या त्या परिचारिका होत्या, आणि त्यांची नावे या हकीकतीत सहसा येत नाहीत. १८६० मध्येच लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांचे परिचारिका-विद्यालय सुरू झाले. एकीची जी पायरी, तीच दुसरीची आयुष्यभराची वृत्ती, हा भेद त्या काळातच आकार घेत होता.

सेवेने प्रवेश मिळवून दिला काय ? याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. दारे उघडली ती सनदेतील शब्दांनी, नव्या विद्यालयाने आणि कायद्याने. सेवेने दिले ते निराळे : आपण या कामास लायक आहोत, ही खात्री. मिडलसेक्समधील निवेदन, एडिंबरोचा जमाव, लागोपाठचे नकार यांना तोंड देताना या खात्रीचा उपयोग झाला असला पाहिजे. कारण ती कोणाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नव्हती.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. एडिंबरोच्या सात जणींपैकी एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या व कामा रुग्णालयाच्या कार्यात त्यांनी प्रमुख भाग घेतला. रखमाबाईंना इंग्लंडला पाठविण्याच्या कामी त्यांचे साहाय्य झाले. आणि १८८९ मध्ये रखमाबाई ज्या विद्यालयात दाखल झाल्या, ते लंडनचे १८७४ मधील हेच विद्यालय होय. परत आल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. बोस्टनच्या एका लहान रुग्णालयात औषधे देण्याच्या निमित्ताने जो निश्चय झाला, त्याचे फळ अशा रीतीने तीस वर्षांच्या आत पश्चिम भारतातील स्त्रियांच्या पदरी पडले. प्रवेशापूर्वीच्या सेवेचे मोल अर्जातील एका ओळीवरून मापू पाहणाऱ्यांनी हा हिशेबही लक्षात घ्यावा.