फ्यूजपेटीतला इतिहास



सदाशिव पेठेचा इतिहास म्हटला की आपण नानासाहेब पेशव्यांपासून नाहीतर विश्रामबागवाड्यापासून सुरुवात करतो. मी आज जिन्याखालच्या विजेच्या बोर्डापासून करणार आहे. हसू नका! शाळेत मी मुलांना सांगायचे की इतिहास फक्त बखरीत नसतो, घरातल्या वस्तूंतही असतो. त्यातलाच हा प्रकार.

पेठेतले जुने वाडे बांधले तेव्हा वीज नव्हती. ती आली तेव्हा लाकडी पट्ट्यांतून, म्हणजे केसिंग-कॅपिंगमधून, वायरी फिरल्या. प्रत्येक खोलीत एखादा दिवा, बस्स. पुढे वाड्यांची बिऱ्हाडं झाली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या भाड्यात मालकाला वायरिंग बदलणं परवडेना, आणि दुसऱ्याच्या घरावर खर्च करायला भाडेकरू धजेना. मग काय, जुन्या वायरीलाच जोड देत प्रत्येक बिऱ्हाडाचा छोटा बोर्ड उभा राहिला. इस्त्री आली, फ्रिज आला, गीझर आला; वायर मात्र दिव्यापुरतीच राहिली.

आज वायरमन ज्यांना चुका म्हणतात त्यांची मुळं इथं आहेत.

पहिली चूक फ्यूजची. तो सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालायची. मग फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली वायर तापते. दुसरी, फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर वेगवेगळा फ्यूज. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच! १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज ठेवायला मनाई केली होती, तरी जुने बोर्ड तसेच राहिले. तिसरी, अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधायची. पुढे पाइप प्लॅस्टिकचा झाला की अर्थिंग गेलं, आणि गेलं हे कुणाला कळतही नाही.

सगळ्यात वाईट चौथी. अर्थिंग नाही म्हणून घरातल्या बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधायचे. न्यूट्रल जमिनीला जोडायची जागा वीजकंपनीच्या डीपीपाशी, आपल्या बोर्डात नव्हे. इथं ती जोडली आणि मागची न्यूट्रल तुटली, की फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात.

आता आजची गोष्ट. पुण्यात पानशेतचं वर्ष म्हणून आठवतात त्याच १९६१ साली अमेरिकेत बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी शॉकपासून वाचवणारं एक उपकरण शोधलं. त्यांचा अभ्यासच माणसाला बसणाऱ्या शॉकचा होता. त्याच तत्त्वावरची आरसीसीबी आज आपल्या घरांत बसते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो का, एवढंच ती पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर क्षणात खटका पाडते.

पण जुन्या बोर्डावर ही नवी आरसीसीबी बसवली की ती सारखी पडते! कारण दोन बिऱ्हाडांच्या न्यूट्रल आत कुठंतरी मिसळलेल्या असतात, नाहीतर न्यूट्रल अर्थला टेकलेली असते. परवा आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. कारागीर म्हणाला, "आजी, ही खराब आहे, बायपास करतो." खराब ती नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीची वाटणी ती दाखवत होती. बायपास केली असती तर पाहणारा डोळाच झाकला गेला असता. सुदैवाने घरच्यांनी दुसऱ्या, परवानाधारक माणसाला बोलावलं. त्याने एकेक न्यूट्रल सोडवून तिच्या तिच्या सर्किटला लावली, आणि आरसीसीबी शांत झाली.

तेव्हा नातेवाइकांनो, विशेषतः अजून वाड्यात राहणाऱ्यांनो, एवढं करा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा; खटका पडलाच पाहिजे. पण त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजून घ्यावं लागतं. आणि खटका सारखा पडत असेल तर "ही बंद करा" म्हणू नका, "का पडते?" असं विचारा. मुलांना सनावळीपेक्षा हा 'का' शिकवायला मला नेहमीच जास्त वेळ लागला.

तुमच्या वाड्यातला बोर्ड कसा होता, जरूर कळवा.