दिलवाड्याच्या छताखाली

माउंट अबूला लोक जातात ते थंड हवेसाठी आणि नक्की तलावातल्या होड्यांसाठी. आम्हीही तसेच गेलो होतो. दिलवाड्याची जैन मंदिरं बाहेरून पाहिली आणि वाटलं, यासाठी का एवढं यायचं? साध्या भिंती, डोळ्यांत भरेल असं उंच शिखरही नाही. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवायच्या आणि आत फोटो काढायचे नाहीत. पाहायला डोळे तेवढे उरतात. बरंच झालं.

पहिलं मंदिर विमल वसही. गुजरातच्या भीमदेव सोळंकीचा मंत्री विमलशहा, त्यानं १०३१ मध्ये ते आदिनाथांसाठी बांधलं. पण ज्याच्याखाली सगळे माना वर करून थांबतात, तो रंगमंडप त्याचा नव्हे. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी पृथ्वीपाल नावाच्या मंत्र्यानं तो उभारला. वर संगमरवराचा घुमट आहे. आमच्या मशिदींच्या घुमटात कमानीचं तंत्र असतं. इथं तसं नाही. दगडांची कडी एकावर एक, दर वेळी थोडी आत सरकवत रचलेली. मधोमध दगडी झुंबर लोंबतं आणि भोवती सोळा विद्यादेवी उभ्या. काही ठिकाणी संगमरवर इतका पातळ कोरलाय, की दगडाचा दगडपणाच विसरायला होतो.

तिथंच गाइड म्हणाला, ‘‘मुसलमानांनी हे सगळं तोडलं होतं.’’ आमच्या घोळक्यातल्या कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं. पत्नीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे. खोटं तो बोलत नव्हता, पण मनाला लागलं. ‘मुसलमानांनी’ या एका शब्दात मीही आलो होतो.

घरी आल्यावर पुस्तकं काढली. चौदाव्या शतकाच्या आरंभी, अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात, इथं मोडतोड झाली. ती झाकण्यात अर्थ नाही. जिनप्रभसूरी या जैन आचार्यांनी तीर्थांविषयीच्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे. म्लेंच्छांनी दोन्ही मंदिरं भग्न केली आणि शके १२४३ मध्ये, म्हणजे १३२१ च्या सुमारास, श्रावकांनी ती पुन्हा उभी केली, असं ते सांगतात. दहा-बारा वर्षांत! पण हेच जिनप्रभसूरी पुढं १३२८ मध्ये दिल्लीला महंमद तुघलकाला भेटले. सुलतानानं त्यांचा सत्कार केला आणि तुघलकाबादेत पडून असलेली महावीरांची मूर्ती त्यांच्या स्वाधीन केली. हेही त्याच ग्रंथात आहे. गाइडला सगळं सांगायला वेळ नसतो, हे मान्य. पण अर्धी नोंद ऐकून माणूस घरी जातो, त्याचं काय करायचं?

दुसरं मंदिर लूण वसही, नेमिनाथांचं. वस्तुपाल आणि तेजपाल हे दोघे भाऊ धोळक्याच्या वाघेल्यांचे मंत्री. तेजपालानं १२३० च्या सुमारास ते बांधवलं, शिल्पी शोभनदेव. इथलं झुंबर विमल वसहीपेक्षाही नाजूक आहे. माझं मत विचाराल तर जरा जास्तच नाजूक. पाहताना जीव घाबरतो.

कवी म्हणून मी रेंगाळलो ते मात्र शिलालेखापाशी. त्याची प्रशस्ती रचली सोमेश्वरानं. तो ब्राह्मण, सोळंकी राजांचा पुरोहित, आणि मंदिर जैनांचं. तेजपालाची पत्नी अनुपमादेवी आणि मुलगा लूणसिंह यांच्या पुण्यासाठी हे मंदिर उभारलं, ही गोष्ट त्याच्या श्लोकांतून दगडात उतरली. जैन मंदिरासाठी ब्राह्मण कवी कशाला, असं तेव्हा कुणी विचारलं असेल का?

माझं संस्कृत शाळेतल्या सुभाषितांपुरतंच. तरी अक्षरं लावत उभा होतो. घोळका पुढं निघून गेला होता. गाइड मागं वळून म्हणाला, ‘‘साहेब, तिथं मूर्ती नाही, नुसतं लिहिलेलं आहे.’’

म्हटलं, ‘‘तेच वाचतोय.’’