बोरघाट: चढण्यापेक्षा उतरणे अवघड

१/ मुंबईहून लोणावळ्याकडे येताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, हे आपण पाहतोच. घाट चढण्यासाठी बळ लागते. मात्र मावळातून कोकणात उतरणारी गाडी ताब्यात ठेवणे, हा बोरघाटाचा त्याहून जुना आणि कठीण प्रश्न आहे.

२/ हा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीने बांधला. भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण. सर्वांत तीव्र ठिकाणी दर ३७ फुटांमागे १ फूट.

३/ त्या काळी साऱ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक नव्हता. चालकाने शिट्टी द्यायची आणि गार्डांनी हाताने ब्रेक आवळायचे, अशी रीत होती. पावसाळ्यात रूळ निसरडे होत. म्हणून घाटातील खास इंजिनांना चाकांऐवजी थेट रुळांवर दाबला जाणारा ब्रेकही बसवलेला होता.

४/ खंडाळ्याखाली कड्यावर रिव्हर्सिंग स्टेशन होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट दिशेने निघे. रूळ तेथेच संपत, पुढे दरी. म्हणजे ब्रेक लागणे हाच एकमेव आधार. जानेवारी १८६९ मध्ये ब्रेक निकामी झालेली एक उतरती गाडी तेथे थांबू शकली नाही आणि माणसे प्राणास मुकली.

५/ अशा प्रसंगावरचा उपाय म्हणजे कॅच सायडिंग. उताराच्या मुख्य मार्गातून एक फाटा चढाच्या दिशेने काढायचा आणि सांधा एरवी त्या फाट्याकडेच वळवून ठेवायचा. चालकाने आधी गाडी पूर्ण थांबवून दाखवायची. मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. गाडी थांबली नाही, तर ती आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग तेथे जिरतो.

६/ १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले. विजेची ‘खेकडा’ इंजिने आली. उतरताना त्यांच्या मोटारी वीज निर्माण करून गाडीला आवर घालत.

७/ तरीही कॅच सायडिंग आजही बोरघाटात आहेत. ब्रेक कितीही सुधारले, तरी ते कधीतरी दगा देतील असे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी आहे. घाटातली सुरक्षितता या अविश्वासावर टिकली आहे.